बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आधीच गोळी पेटली तर? ब्लोबॅक रायफलमधला 'आउट ऑफ बॅटरी' प्रकार सोप्या भाषेत

नेटवर असे व्हिडिओ सारखे फिरत असतात. रेंजवर कोणीतरी आरामात गोळ्या झाडतंय, रायफल छोटीच, धक्का पण फारसा नाही, आणि मधेच एक वेगळाच फटकन आवाज, बाजूने धूर, मॅगझीन खाली निसटलेलं आणि माणूस हात झटकत मागे सरकतोय. मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणतं नळी फुटली, कोणी म्हणतं दारू जास्त भरली होती, आणि थोडंफार कळणारा एखादा म्हणतो की हे 'आउट ऑफ बॅटरी' झालंय. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. विजेच्या बॅटरीशी याचा काहीही संबंध नाही. बोल्ट म्हणजे काडतूस मागून आत ढकलणारा आणि तिथे दारासारखा टेकणारा धातूचा ठोकळा. तो पूर्ण पुढे जाऊन काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या जागेत, नीट बसायच्या आधीच ते पेटलं, एवढाच त्याचा अर्थ.

ऐकायला किरकोळ वाटतं, दोन-तीन मिलिमीटरचाच तर प्रश्न. पण ब्लोबॅक जातीच्या बंदुकीत हेच दोन-तीन मिलिमीटर सगळं ठरवतात, आणि ते का हे एकदा समजलं की बाकीचे नियम पाठ करायची गरजच उरत नाही.

दाब नक्की अडवतं कोण?

काडतुसात पुढे गोळी, आत दारू, मागे ठिणगी देणारा प्रायमर, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. प्रायमरवर फायरिंग पिनचा, म्हणजे बोल्टमधल्या सुईसारख्या खिळ्याचा, टोला बसला की दारू पेटते आणि मिलिसेकंदाच्याही छोट्या भागात आतला दाब शिगेला पोचतो. काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकेत 'सामी' नावाची संस्था आहे, तिने ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसाला ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड) ही कमाल मर्यादा दिलेली आहे, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या साधारण २,४०० पट. खेळण्यातली वाटणारी पॉइंट टू टू एलआर (.२२ इंची छोटी) गोळी घ्या, तिलाही २४,००० पीएसआय.

पुंगळीचं पितळ एकटं हे कधीच झेलू शकत नाही. तिची भिंत पातळ असते, दाब आला की ती फुगते आणि चेंबरच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटते, मग खरा भार ते पोलाद घेतं. पुंगळीचं काम फक्त गॅस मागे गळू न देणं. तळ मात्र जाड आणि भरीव केलेला असतो, त्यामुळे तळाचा थोडासा भाग चेंबरच्या बाहेर राहिला तरी निभावतं. पण त्या जाड भागाच्या पुढची पातळ भिंत उघडी पडली, म्हणजे तिच्याभोवती पोलाद नाही आणि आत दाब पूर्ण आहे असं झालं, की ती फाटणार. तिथे नशिबाचा भाग फार कमी असतो.

ब्लोबॅक म्हणजे कडी नसलेलं दार

बहुतेक ताकदवान रायफलींमध्ये बोल्टला कडी असते असं समजा. बोल्ट पुढे गेला की फिरून किंवा तिरका होऊन नळीच्या मागच्या भागात अडकतो आणि गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत हलत नाही. ब्लोबॅकमध्ये ही कडीच नाही. दाराला आतून फक्त एक जड कपाट टेकवून ठेवलंय, बस. कोणी बाहेरून जोरात धडक दिली तर दार उघडणारच, पण कपाट जड असल्यामुळे उघडायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात धडक संपलेली असते. बोल्टचं वजन म्हणजे ते कपाट.

साधेपणा हा याचा मोठा गुण. भाग कमी, बनवायला स्वस्त, नळी जागची हलत नाही म्हणून नेमही चांगला. म्हणूनच १९६४ पासून विकली जाणारी रुगर १०/२२, त्याआधी १९६० ची मार्लिन मॉडेल ६०, अशा पॉइंट टू टू रायफली ब्लोबॅकवरच चालतात. पिस्तुलाची गोळी झाडणाऱ्या छोट्या कार्बाईनींचं (आखूड रायफलींचं) हल्ली जे पीक आलंय त्यातल्याही पुष्कळ ब्लोबॅकच. मोठ्या काडतुसाला मात्र ही पद्धत परवडत नाही, कारण मग बोल्टच कित्येक किलोचा लागेल. विंचेस्टरने १९०५, १९०७ आणि १९१० च्या मॉडेलांमध्ये ती शक्य तेवढी ताणून बघितली, नळीखालच्या लाकडी भागात बोल्टला जोडलेलं भलंमोठं वजन लपवलं, आणि त्या रायफली चालल्याही छान, पण जड झाल्या.

"पण ब्लोबॅकमध्ये बोल्ट गोळी सुटतानाच उघडतो ना, मग आधीच थोडा उघडा असला तर काय बिघडलं?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि माझ्या मते सगळा विषय याच्या उत्तरात आहे, म्हणून इथे जरा थांबून हिशोब करू.

९ मिमीची गोळी साधारण ८ ग्रॅमची धरा, बोल्ट ६०० ग्रॅमचा. न्यूटनच्या नियमाने गोळी पुढे जितका वेग पकडते त्याच्या ७५ व्या हिश्श्याने बोल्ट मागे सरकतो (दारूच्या गॅसचं वजन सोडून देऊ, त्याने आकडा थोडा वाढतो पण चित्र तेच राहतं). आता दाब शिगेला पोचतो तेव्हा गोळी नळीत जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सरकलेली असते. म्हणजे त्या क्षणी बोल्ट किती मागे आला? १५ मिमी भागिले ७५, ०.२ मिमी. मिलिमीटरचा पाचवा हिस्सा! गोळी ४०० मिमी नळी पार करून बाहेर पडते तेव्हा बोल्ट साधारण ५ मिमी मागे आलेला असतो, पण तोपर्यंत दाब पार उतरलेला असतो आणि पुंगळी बाहेर डोकावली तरी तिला धोका नसतो.

म्हणजे बोल्ट उघडतो हे खरंच, पण तो दाबाच्या मागून उघडतो. पुढे दाब उतरत जातो आणि मागे बोल्ट सरकत जातो, दोघांची ही शर्यत बंदूक बनवणाऱ्याने वजनं मोजून जुळवलेली असते. आता बोल्ट सुरुवातीलाच ३ मिमी मागे असताना काडतूस पेटलं तर शिगेचा दाब येतो तेव्हाच पुंगळी ३.२ मिमी बाहेर आहे. शर्यत सुरू व्हायच्या आधीच हरलेली. बोल्टचं वजन तेवढंच आहे, दारू तेवढीच आहे, कंपनीचं चांगलं काडतूस आहे, तरीही पुंगळी फाटते. म्हणून 'दारू जास्त भरली होती' हा पहिला तर्क प्रत्येक वेळी बरोबर नसतो.

"मग मागची स्प्रिंग कडक बसवली की झालं"

हा सल्ला मी इतक्या ठिकाणी वाचलाय की आकड्यानेच उत्तर द्यायला हवं. शिगेच्या दाबाला ९ मिमीच्या पुंगळीच्या तळावर मागच्या दिशेने पडणारा जोर साधारण दीड टन भरतो. रिकॉइल स्प्रिंगचा जोर काही किलो, फार तर दहा-बारा. दीड टनासमोर दहा किलो म्हणजे नसल्यातच जमा. त्या क्षणी पुंगळीला मागून आधार देतं ते बोल्टचं वजन, स्प्रिंग नव्हे.

स्प्रिंगचं खरं काम आधीचं आणि नंतरचं. मागे गेलेल्या बोल्टला थांबवायचं आणि मग नवीन काडतूस ढकलत पूर्ण पुढे, अगदी शेवटच्या मिलिमीटरपर्यंत न्यायचं. ती थकली की बोल्ट अर्ध्यात अडकायला लागतो, म्हणून थकलेली स्प्रिंग वेळेवर बदलणं महत्त्वाचं आहेच. पण गरजेपेक्षा कडक स्प्रिंग लावून हलका बोल्ट सुरक्षित होत नाही, उलट बोल्ट जास्त जोरात आपटतो आणि भाग लवकर झिजतात.

दोन गोष्टी एकाच वेळी बिघडाव्या लागतात

हे नीट लक्षात घ्या. नुसता बोल्ट अर्धवट अडकला तर काही स्फोट होत नाही, ट्रिगर ओढला तरी एक तर काही होत नाही किंवा हॅमरचा (पिनवर आपटणाऱ्या हातोडीचा) टोला बोल्टलाच पुढे ढकलण्यात वाया जातो. आणि काडतूस वेळेआधी पेटवणारी गोष्ट नसेल तर बाकी सगळं फक्त वैताग देणारं जॅमिंग. पुंगळी फाटायला दोन्ही लागतात, बोल्ट मागे असणं आणि तरीही काडतुसाला ठिणगी मिळणं.

बोल्ट पूर्ण न मिटायची कारणं साधी आहेत, आणि खूपशी नुसत्या घाणीची. चेंबरमध्ये कार्बन आणि शिशाचा थर, पॉइंट टू टू असेल तर गोळीवरच्या मेणाची भर. स्वतः पुन्हा भरलेल्या काडतुसांची पुंगळी नीट मापात आणलेली नसणं, वाकलेलं किंवा चेपलेलं काडतूस, घट्ट झालेलं जुनं तेल. एक सवयही आहे, काही लोक बोल्ट मागे ओढून सोडत नाहीत, हाताने धरून हळूच पुढे नेतात. आवाज कमी होतो खरा, पण बोल्टला जो वेग हवा असतो तो मिळत नाही आणि तो शेवटचे दोन मिलिमीटर जातच नाही.

ठिणगीची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे. फायरिंग पिन घाणीने किंवा गंजाने पुढेच अडकून बसली असेल तर बोल्ट पुढे येतानाच ती प्रायमरवर आदळते. प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा वर राहिला असेल, जे पुन्हा भरलेल्या काडतुसात होतं, तर अडकलेली पिनही लागत नाही. ट्रिगरचे भाग झिजलेले असतील किंवा बाहेरचे आणून बसवले असतील आणि त्यांचं टायमिंग जुळत नसेल तर हॅमर आपल्या जागी थांबायच्या ऐवजी बोल्टच्या मागोमाग पुढे येतो. बऱ्याचदा अशा वेळी टोला हलका पडतो आणि गोळी सुटत नाही, पण कधी सुटते.

इथे कडी असलेल्या बंदुकीचा एक मोठा फायदा कळतो. एआर-१५ या रायफलीच्या मूळ ५.५६ मिमी रचनेत बोल्ट फिरून लॉक झाल्याशिवाय फायरिंग पिन प्रायमरपर्यंत पोचतच नाही, म्हणजे जी कडी दार धरते तीच ठिणगीलाही अडवते. तोच ढाचा घेऊन ९ मिमी ब्लोबॅक कार्बाईन बनवली की आत बोल्ट म्हणून एक अख्खा ठोकळा येतो, फिरणं नाही, लॉक नाही, आणि ते फुकटात मिळणारं संरक्षणही गेलं. ते मग हॅमर, बोल्टचा आकार आणि पिनची लांबी यांची मापं जुळवून वेगळं आणावं लागतं. चांगल्या कंपन्या आणतात. पण घरी चार ठिकाणचे चार भाग जमवून जोडलेल्या रायफलीत हे कोणी तपासलंय? मला ही गोष्ट सगळ्यात जास्त काळजीची वाटते, कारण अशी रायफल शेकडो गोळ्या अगदी व्यवस्थित झाडते आणि बिघाड दाखवायची संधी तिला क्वचितच मिळते.

पॉइंट टू टू चं वेगळं दुखणं

पॉइंट टू टू काडतुसात वेगळा प्रायमर नसतो. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेत, म्हणजे रिमच्या आत गोल पसरलेला असतो आणि पिन ती कड चेपते तेव्हा तो पेटतो. त्यासाठी कड मऊ आणि पातळ ठेवावीच लागते. याचे दोन परिणाम. एक, पुंगळीचा जो भाग इतर काडतुसांत सगळ्यात मजबूत असतो तोच इथे नाजूक आहे. दोन, कड कुठेही जोरात चेपली तरी पेटू शकते, पिनच लागते असं नाही. काडतूस तिरकं अडकलं, बोल्टची कडा नेमकी रिमवर आदळली, झालं.

२०१९ मध्ये स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीने त्यांच्या एम अँड पी १५-२२ या रायफलीबद्दल सुरक्षा सूचना काढली ती याच कारणाने. बोल्टच्या तोंडावर काडतुसाची रिम बसायला एक खोलगट खाच असते. काही बोल्टमध्ये ती खाच ठरलेल्या मापापेक्षा उथळ निघाली. त्यामुळे बोल्ट मिटतानाच रिम चेपली जाऊन ट्रिगर न ओढताही गोळी सुटू शकते, एकामागोमाग सुटू शकतात किंवा आउट ऑफ बॅटरी पेटू शकते, असं कंपनीनेच सांगितलं आणि मालकांना बोल्ट तपासायला लावले. खाचेच्या खोलीतला बारीकसा फरक, आणि परिणाम एवढा.

"स्टेन, उझी तर बोल्ट पुढे येतानाच गोळी पेटवतात, त्या कशा नाही फुटत?"

बरोबर, दुसऱ्या महायुद्धातली स्टेन आणि नंतरची उझी या सबमशीनगनांमध्ये पिन बोल्टच्या तोंडावर कायमची पुढे आलेली असते. बोल्ट मागे उघडा थांबतो, ट्रिगर ओढला की पुढे धावतो, वाटेत काडतूस उचलतो, चेंबरमध्ये सारतो आणि पूर्ण थांबायच्या किंचित आधी ते पेटतं. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण पुढे धावणाऱ्या बोल्टला आधी थांबवण्यात दाबाचा बराच जोर खर्च होतो आणि बोल्ट हलका ठेवता येतो.

फरक एवढाच की पेटायच्या क्षणी पुंगळी चेंबरच्या आत पोचलेली असते. बोल्ट हलतोय की थांबलाय हा मुद्दाच नाही, पुंगळीच्या पातळ भिंतीभोवती पोलाद आहे का हा मुद्दा आहे. जहाजांवरच्या २० मिमी ओर्लिकॉन तोफेत तर यासाठी चेंबर मुद्दाम लांब ठेवलंय आणि काडतुसाची रिम पुंगळीपेक्षा बारीक केलीय, म्हणजे बोल्टचं टोक काडतुसाच्या मागोमाग चेंबरमध्ये शिरतं आणि पुंगळी आतल्या आत पुढे-मागे सरकते तरी कधी उघडी पडत नाही. आणि हो, स्टेनसारख्या बंदुकीचं चेंबर घाणीने भरलं, काडतूस अर्ध्यात अडलं, तर तिथेही कायम पुढे असलेली पिन प्रायमर पेटवू शकतेच.

एमपी५ या सबमशीनगनसारख्या बंदुकींना डिलेड ब्लोबॅक म्हणतात, त्यांच्यात दोन रोलर बोल्टला उघडायला उशीर करतात. रोलर बाहेर येऊन आपल्या जागी बसेपर्यंत पिन मागेच राहते, म्हणून त्या या बाबतीत साध्या ब्लोबॅकपेक्षा बऱ्या.

माणसाला काय होतं, आणि पुंगळी काय सांगते

पुंगळी मागच्या बाजूला फाटली की गॅस आणि पितळेचे तुकडे वाट मिळेल तिथून निघतात. पुंगळी बाहेर फेकायची खिडकी ही पहिली वाट, मॅगझीनची जागा ही दुसरी, म्हणून मॅगझीन खाली उडतं आणि आधाराला तिथेच धरलेल्या हाताला लागतं. एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा) निखळून उडू शकतो. बहुतेक रायफलींची खिडकी उजवीकडे असते, त्यामुळे डाव्या खांद्यावरून झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडेच ती तोंड करून असते. शेजारी उजवीकडे उभा असलेलाही त्याच रेषेत येतो. डोळ्यांचा चष्मा हा इथे नियम म्हणून नाही, डोळा वाचवायला आहे, आणि तो बघायला आलेल्यांनीही घालायचा.

असं झाल्यावर फाटलेली पुंगळी फेकू नका, शोधून काढा. तळाच्या जरा पुढे चारही बाजूंनी सारखा फुगवटा आणि तिथेच फाटलेलं असेल तर काडतूस पेटताना ते बाहेर राहिलं होतं असा दाट संशय घ्यायचा. फुगवटा फक्त खालच्या एका बाजूला असेल, जिथे काडतूस वर सरकायचा उतार कोरलेला असतो, तर आधार तिथेच कमी पडला किंवा दाब जास्त होता. तोंडाकडून उभी चीर असेल तर पितळच कडक-ठिसूळ झालं होतं, त्याचा बोल्टशी संबंध नाही. नुसत्या फोटोवरून ठाम निदान करणाऱ्यांवर माझा विश्वास कमी आहे, पण पुंगळी, बोल्ट आणि उरलेली काडतुसं एकत्र आर्मररला (बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला) दाखवली तर कारण सापडायची शक्यता खूप वाढते.

बोल्ट अडकला तर त्या क्षणी काय करायचं

बोल्ट पूर्ण मिटलेला दिसत नाही तर त्याला तळहाताने थापटून पुढे बसवायचा मोह होतो. नका करू. काडतूस का गेलं नाही हे माहीत नसताना त्याला जोराने आत घालणं म्हणजे वर सांगितलेल्या दोन अटींपैकी एक आपणच पुरी करणं. मॅगझीन काढा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, बोल्ट मागे ओढून काडतूस बाहेर काढा आणि बघा.

ट्रिगर ओढला, टक आवाज आला, गोळी सुटली नाही, तर मात्र उलट. लगेच बोल्ट उघडायचा नाही. कधी कधी दारू उशिरा पेटते, याला हँगफायर म्हणतात, आणि नेमका तेव्हा तुम्ही बोल्ट मागे ओढलात तर हातानेच आउट ऑफ बॅटरी घडवलंत. नळी निशाणाकडे तशीच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं, मग खिडकीपासून चेहरा आणि हात लांब ठेवून उघडायचं. खूप गोळ्या भराभर झाडून चेंबर तापलेलं असताना काडतूस आत अडकलं तर ते उष्णतेनेही पेटू शकतं, तेव्हा रेंजवरच्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथे हाक मारायची आणि रायफल खाली आणायचीच नाही.

आणि एकदा पुंगळी फाटली की रायफल वरून ठीक दिसली तरी त्या दिवशी तिला विश्रांती. गॅस मागून निघून गेल्यामुळे पुढे गोळीला पुरता जोर मिळालेला नसतो आणि ती नळीतच अडकून बसलेली असू शकते, म्हणून रायफल पूर्ण रिकामी करून, बोल्ट काढून, नळी मागच्या बाजूने उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का ते आधी बघायचं, पुढची गोळी भरायचा विचार त्यानंतर.